आमरे : काचगृहातील संवर्धन आणि बहर

ऑर्किडेसी कुलातील वनस्पतींना मराठीत आमरे म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांत याची गणना होत असून त्यात सु. २८,००० जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जाती उष्ण व उपोष्ण कटिबंधांत वृक्षांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर अपिवनस्पती म्हणून वाढतात. आधारवृक्षापासून त्या अन्न घेत नाहीत. त्यांची मुळे उघडी लोंबतात व स्पंजासारख्या आवरणाने पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेतात. अनेक जातींच्या खोडांचे भाग फुगून त्यांचे आभासी कंद बनलेले असतात आणि त्यांत पाणी व अन्न साठविलेले असते. मूळ स्थानी दीर्घ अवर्षणाशी सामना करण्यासाठी ही सर्व योजना उपयोगी पडते.

मूळ प्रदेशाबाहेर, काचेच्या छपराखाली वा घरातील खिडकीत आमर जगविणे आणि त्याला फुले आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाने हिरवीगार आणि मुळे जोमदार असूनही वर्षानुवर्षे फुलोरा न येणे, हा आमरे बाळगणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. बहर येण्यास वाढीला पोषक परिस्थिती पुरेशी नसते; तापमान, प्रकाश किंवा पाणी यांत ठराविक वेळी बदल व्हावा लागतो, आणि हा बदल प्रत्येक जातीच्या मूळ स्थानानुसार भिन्न असतो. यूरोपातील उद्यानविद्येला ही गोष्ट उमगण्यास शतकाहून अधिक काळ लागला. दरम्यान परदेशांतून आणलेली असंख्य रोपे काचगृहांत मेली आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी अरण्ये पुन्हा पुन्हा ओरबाडली गेली.

प्रारंभीचे प्रयत्न : उष्ण प्रदेशातील आमर इंग्लंडमध्ये फुलल्याची पहिली प्रसिद्ध नोंद अठराव्या शतकातील आहे. पीटर कॉलिन्सन या वनस्पतिप्रेमी व्यापाऱ्यास १७३१ मध्ये बहामा बेटांतून ब्लेशिया प्रजातीतील एका आमराचा वाळलेला नमुना मिळाला. त्याच्या कंदात जीव शिल्लक असल्याचे पाहून तो लावण्यात आला व त्याला पुढे फुले आली. हे भूस्थित आमर होते. वृक्षावर वाढणारे आमर क्यू येथील राजोद्यानात प्रथम फुलले ते १७८७ मध्ये; ते वेस्ट इंडीजमधील एपिडेंड्रम कॉक्लिएटम या जातीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनजवळील हॅकनी येथील लॉडिजिस यांच्या रोपवाटिकेने आमरांची व्यापारी लागवड सुरू केली.

या हौसेला लोकप्रियता मिळण्यास ब्राझीलमधील एक जाती कारणीभूत झाली. विल्यम स्वेन्सन यांनी ब्राझीलमधून पाठविलेल्या वनस्पतींपैकी काही रोपे बार्नेट येथील विल्यम कॅटली यांच्या काचगृहात वाढविण्यात आली आणि १८१८ च्या नोव्हेंबरात त्यांतील एकास जांभळट गुलाबी रंगाचे मोठे फूल आले. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८२१ मध्ये कॅटली यांच्या सन्मानार्थ तिला कॅटलिया लेबिएटा हे नाव दिले. ही रोपे दुसऱ्या वनस्पतींभोवती गुंडाळलेले निरुपयोगी आवरण म्हणून आली होती, अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. ती मनोरंजक असली तरी तिला भरवशाचा आधार नाही. महत्त्वाचे ते असे, की या जातीचे नेमके मूळ स्थान लोक लवकरच विसरले. ती पुढे चुकीच्या प्रदेशात शोधली गेली आणि ईशान्य ब्राझीलमधील पर्नांबूको भागात पुन्हा हाती लागली, तेव्हा सु. ७० वर्षे लोटली होती. रोप कोठून आले हेच जेथे ठाऊक नाही, तेथे त्याला कोणते हवामान द्यावे हे ठरविणार कसे? संग्राहक व व्यापारी आपली ठिकाणे जाणूनबुजून गुप्त ठेवीत किंवा खोटी सांगत, ही अडचण तर वेगळीच होती.

उष्णगृहाचा काळ : उष्ण कटिबंधातील अरण्य म्हणजे अंधारे, कोंदट व वाफेने भरलेले, अशी त्या काळच्या इंग्रज माळ्याची समजूत होती. तिला अनुसरून उष्णगृहे बांधली गेली. भिंतींतून विटांचे धूरमार्ग नेऊन त्यांतून भट्टीचा तप्त धूर खेळविला जाई. चामडी कमावून उरलेल्या सालींचा चुरा खड्ड्यांत भरून तो कुजत असताना निघणाऱ्या उष्णतेवर कुंड्या ठेवीत. तापलेल्या विटांवर पाणी मारून वाफ काढीत आणि ती निसटू नये म्हणून काचांच्या फटी घट्ट बंद ठेवीत. १८३० मध्ये लंडनच्या उद्यानविद्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात लिंडली यांनी अपिवनस्पती आमरांसाठी उच्च तापमान, दाट सावली आणि भरपूर आर्द्रता यांचीच शिफारस केली होती. लिंडली हे त्या काळचे या कुलाचे सर्वांत मोठे अभ्यासक असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते.

अशा गृहांत आलेली रोपे प्रथम उत्तम वाढत. आभासी कंदांत साठलेल्या अन्नावर नवे कोंब फुटत, आणि मूळ प्रदेशातच अंकुरलेल्या कळ्या उमलून पुष्कळदा पहिल्या वर्षी फुलेही येत. ही फुले मूळ अरण्यातील ऋतूंची देणगी होती. माळी मात्र त्यांचे श्रेय आपल्या उष्णगृहाला देई. दुसऱ्या वर्षी कोंब लांब व लिबलिबीत होत, मुळे कुजत, फुलोरा येत नसे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोप मरे. इंग्लंड ही उष्ण कटिबंधीय आमरांची दफनभूमी आहे, असे क्यू उद्यानातील हुकर यांनी म्हटल्याचे सांगतात.

या हानीची शरीरक्रियाशास्त्रीय कारणे आता स्पष्ट झाली आहेत. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने जी शर्करा तयार होते तिचा काही भाग वनस्पती श्वसनासाठी खर्च करते, आणि तापमान वाढते तसा हा खर्च वाढतो. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस सु. आठ तासांचा असतो व तोही बहुधा अभ्राच्छादित असतो. अशा अंधुक दिवसानंतर सोळा तासांची तापविलेली रात्र म्हणजे आवक थोडी व खर्च मोठा असा प्रकार होय. शिल्लक न राहिल्याने फुलोऱ्याला लागणारे अन्न साठत नाही. शिवाय, अपिवनस्पतींच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. बंद व सतत ओल्या जागेत त्यांच्यावर कवक व सूक्ष्मजंतू यांचा चटकन प्रादुर्भाव होतो. धूरमार्गातून झिरपणारा धूर या सर्वांत भर घालीत असे.

सुधारणेची सुरुवात विद्वानांपेक्षा प्रत्यक्ष काम करणाऱ्या माळ्यांकडून झाली, हे नमूद केले पाहिजे. यॉर्कशरमधील वेंटवर्थ येथील अर्ल फिट्सविल्यम यांच्याकडील माळी जोसेफ कूपर हे आपल्या आमरगृहात मोकळी हवा येऊ देत व तापमान कमी ठेवीत, आणि त्यांची रोपे इतरांपेक्षा निरोगी असत. सहावे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांना १८३३ मध्ये एका प्रदर्शनात फुलपाखरासारखे दिसणारे आमर पाहून या वनस्पतींचे वेड लागले. त्यांच्या चॅट्सवर्थ येथील उद्यानाचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील आमरांसाठी निरनिराळ्या तापमानांची गृहे ठेवण्यास आरंभ केला, खिडक्यांची सोय केली आणि वाफेऐवजी वाटांवर पाणी शिंपडून हवा दमट राखली. धूरमार्गांची जागा गरम पाण्याच्या नळांनी घेतल्यावर आणि १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाल्यावर अशी गृहे मध्यमवर्गीयांच्याही आवाक्यात आली.

खासी टेकड्या आणि निळी व्हँडा : या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण भारतातील आहे. पॅक्स्टन यांच्या हाताखालील जॉन गिब्सन यांना चॅट्सवर्थहून १८३५ मध्ये भारतात पाठविण्यात आले. त्यांनी मुख्यतः खासी टेकड्यांतून (सध्याच्या मेघालय राज्यात) वनस्पती गोळा केल्या आणि १८३७ मध्ये ते आमरांचा मोठा संग्रह घेऊन परतले. डेंड्रोबियम डेव्होनिॲनम व डेंड्रोबियम गिब्सोनाय या जातींची नावे या मोहिमेची स्मृती जपतात. याच टेकड्यांत विल्यम ग्रिफिथ यांना १८३७ मध्ये निळी व्हँडा (व्हँडा सेरुलिया) आढळली. आमरांत निळा रंग दुर्मिळ असल्याने तिची ख्याती झाली. एक्सेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेसाठी टॉमस लॉब यांनी पाठविलेली रोपे १८५० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये फुलली. परंतु ती टिकवून ठेवणे व पुन्हा फुलविणे बहुतेकांना जमेना.

त्याच वर्षी जोसेफ डाल्टन हुकर व टॉमस टॉमसन हे खासी टेकड्यांत हिंडत होते. हुकर यांच्या हिमालयन जर्नल्स (१८५४) या प्रवासग्रंथात निळ्या व्हँडाच्या मूळ स्थानाचे जे वर्णन आहे, ते आमरसंवर्धनाच्या इतिहासात पायाभूत मानावे लागेल. ही वनस्पती सु. ९०० ते १,२०० मी. उंचीवरील कोरड्या, गवताळ टेकड्यांवर वाढते. तेथील ओक वृक्ष खुजे, वेडेवाकडे व विरळ पानांचे असल्यामुळे त्यांच्या फांद्यांवरील आमरांस ऊन, पाऊस व वारा यांचा थेट मारा बसतो. मुळे खरबरीत, कोरड्या सालीवर पसरलेली असतात. तेथे शेवाळ वा दगडफूलही नसते. पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते, पण कोंदट कधीच नसते. बहराच्या काळात तापमान सु. १६° ते २७° से. असते, दिवसा भरपूर ऊन असते आणि हवा व साल दोन्ही कोरडी असतात. हिवाळ्यात तर जमिनीवर दव गोठते. हिवाळ्याची थंडी, उन्हाळ्याची उष्णता, शरदातील कोरडेपणा व सदैव खेळता वारा यांपासून इंग्लंडमधील माळी आपली आमरे कटाक्षाने दूर ठेवतात, आणि भारतातील उत्तमोत्तम जाती मात्र नेमक्या याच परिस्थितीत वाढतात, असे हुकर यांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

या वर्णनाची दुसरी बाजूही त्याच ग्रंथात नोंदलेली आहे. हुकर यांनी क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरतील एवढी निळी व्हँडा गोळा केली. त्यांतील फारच थोडी रोपे इंग्लंडात जिवंत पोहोचली. त्यांच्याबरोबर जागा पाहण्यासाठी आलेल्या एका माळ्याने आपल्या मालकासाठी पाठविलेले एका हमालाचे ओझे वाईट अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले व एकेका रोपास तीन ते दहा पौंड किंमत आली. खासी टेकड्यांतील आमरे विकून उद्योगी संग्राहकास एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज मिळतील, असा अंदाजही हुकर यांनी छापून टाकला. अशा रीतीने या वनस्पतीला कसे वाढवावे हे ज्या पानावर सांगितले होते, त्याच पानावर तिला कोठून व किती लाभाने लुटता येईल हेही वाचकांना कळले. पहिला उपदेश रुजण्यास बरीच वर्षे लागली. दुसऱ्याचा परिणाम मात्र तत्काळ दिसला. संग्राहकांच्या टोळ्यांनी वाटेवर टाकून दिलेल्या, कुजणाऱ्या फांद्या व आमरे यांचा खच पडल्याचे हुकर यांनीच त्या काळातील एका पत्रात खेदाने लिहिले आहे.

शीतगृहातील आमरे : हाच प्रकार दक्षिण अमेरिकेत अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. अँडीज पर्वतात सु. २,००० ते ३,००० मी. उंचीवर, धुके असलेल्या थंड अरण्यांत ओडोंटोग्लॉसम क्रिस्पम (आधुनिक वर्गीकरणानुसार ऑन्सिडियम प्रजाती) ही शुभ्र, झालरदार फुलांची जाती वाढते. विषुववृत्ताच्या जवळची म्हणून ती उष्णगृहात ठेवली जाई व अल्पावधीत मरे. अक्षांशापेक्षा उंची महत्त्वाची, ही गोष्ट भूगोलात सर्वज्ञात असूनही काचगृहात तिचा विचार झाला नव्हता. १८६० नंतर जेम्स बेटमन यांच्यासारख्या अनुभवी संग्राहकांनी कमी तापमानाच्या गृहांचा पुरस्कार केला. अशा ‘थंड’ गृहात ही जाती उत्तम वाढून नियमित फुलू लागली, आणि कोळशाचा खर्चही कमी झाला.

योग्य परिस्थिती समजल्याने अरण्यांवरील ताण कमी व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. फुलविणे सोपे होताच मागणी अनेकपट झाली. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात कोलंबियातील दोन महिन्यांच्या कामाचा हिशेब दिला आहे : सु. दहा हजार रोपे मिळविण्यासाठी सु. चार हजार वृक्ष तोडले गेले. हा हिशेब त्याने कोणत्याही संकोचाविना, कामाची नोंद म्हणून दिलेला आहे.

विश्रांतिकाल : काही आमरांना फुलण्यापूर्वी सक्तीची विश्रांती लागते, हे माळ्यांनी अनुभवाने ओळखले होते. बेंजामिन सॅम्युएल विल्यम्स यांच्या १८५२ मध्ये प्रथम निघालेल्या व पुढे अनेक आवृत्त्या झालेल्या आमरसंवर्धनावरील पुस्तकाने हा अनुभव सर्वांपर्यंत पोहोचविला. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशातील डेंड्रोबियम नोबिली हे याचे उत्तम उदाहरण आहे. पावसाळ्यात त्याची वेतासारखी खोडे झपाट्याने वाढतात. नंतर येणाऱ्या थंड व कोरड्या हिवाळ्यात वाढ थांबते, काही पाने गळतात आणि खोडांच्या पेऱ्यांवर कळ्या तयार होतात. काचगृहात दया येऊन हिवाळ्यात त्याला ऊब, पाणी व खत दिल्यास त्याच पेऱ्यांवर फुलांऐवजी लहान लहान रोपे फुटतात. एकाच अंकुराचे फूल व्हावे की रोप, हे येथे केवळ ऋतुमान ठरविते.

महाराष्ट्रातील सह्याद्रीत हीच व्यवस्था पाहावयास मिळते. येथील डेंड्रोबियम बार्बेट्युलम या जातीची पावसाळ्यात पोसलेली खोडे नंतर निष्पर्ण होतात व कोरड्या ऋतूत त्या उघड्या खोडांवर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. पाऊस संपल्यावर वाळल्यासारखी दिसणारी ही रोपे मेली असे समजून अनेक जण फेकून देतात किंवा त्यांना रोज पाणी घालतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

बहर सुरू होण्यास किती अल्प बदल पुरतो, याचा विलक्षण दाखला आग्नेय आशियातील डेंड्रोबियम क्रूमेनॅटम या जातीत सापडतो. उडत्या कबुतरासारख्या दिसणाऱ्या तिच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा बहर एका परिसरातील सर्व रोपांवर एकाच दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवशी फुले कोमेजतात. तिच्या कळ्या अर्धवट वाढून थांबलेल्या असतात. वादळी पावसामुळे तापमान एकाएकी काही अंशांनी उतरले, की त्या पुन्हा वाढू लागतात व सु. नऊ दिवसांनी उमलतात. डच संशोधक रुटगर्स व व्हेंट यांनी या आवर्ती बहराचा अभ्यास १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाच्या पाण्यापेक्षा त्याने आणलेला गारवा येथे निर्णायक असतो, हे पुढील प्रयोगांनी सिद्ध झाले.

बीजापासून रोपे : आमरांची बीजे धुळीसारखी सूक्ष्म असतात व त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती पेरून उगवत नसत. व्हीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन डॉमिनी यांनी संकराने निर्माण केलेले कॅलँथी प्रजातीतील पहिले आमर १८५६ मध्ये फुलले. पण बीजांपासून रोपे मिळण्याचे प्रमाण फार कमी होते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ पासून केलेल्या संशोधनात निसर्गात ही बीजे विशिष्ट कवकाच्या साहाय्यानेच रुजतात असे दाखविले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे ल्युइस नडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त निर्जंतुक आगर माध्यमावर कवकाविना बीजे रुजविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९६० मध्ये फ्रान्सचे झॉर्झ मॉरेल यांनी सिंबिडियमच्या अग्रस्थ विभज्येपासून ऊतकसंवर्धनाने अनेक रोपे मिळविली. एका निवडक रोपाच्या हजारो प्रती बाटल्यांत वाढविता येऊ लागल्यावर व्यापारासाठी अरण्यातील रोपांची गरज फारशी उरली नाही. निळ्या व्हँडाचा फिलिपीन्समधील एका मोठ्या फुलाच्या जातीशी झालेला संकर १९३१ मध्ये व्हँडा रॉथशिल्डियाना या नावाने नोंदला गेला. बाजारातील निळसर व्हँडांपैकी अनेक त्याच परंपरेतील आहेत. मूळ निळ्या व्हँडास भारतात १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण १९९१ च्या दुरुस्तीने मिळाले. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात ती सर्वांत कडक परिशिष्टात होती. २००४ मध्ये तिला त्याखालच्या परिशिष्टात घेण्यात आले.

प्रायोगिक संशोधन : दिवसाच्या लांबीवर अनेक वनस्पतींचा बहर अवलंबून असतो, हे गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर आमरांवर नियंत्रित प्रयोग होऊ लागले. कॉर्नेल विद्यापीठातील गॅव्हिनो रोटर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार कॅटलिया लेबिएटा ही जाती लहान दिवस व सु. १३° से. तापमानात फुलते, १८° से. तापमानात कृत्रिम प्रकाशाने दिवस लांबविल्यास ती फुलत नाही. डेंड्रोबियम नोबिलीच्या बाबतीत दिवसाची लांबी गौण असून थंडी पुरेशी असते. माळ्यांनी ‘विश्रांती’ या एकाच नावाखाली जे घातले होते, त्यात वस्तुतः थंडी, कोरडेपणा व लहान दिवस अशी तीन वेगळी कारणे मिसळलेली होती, हे यातून उघड झाले. कॅटलियाचे उत्पादक दिव्यांनी दिवस लांबवून व काळ्या कापडाने तो तोकडा करून सणासुदीच्या मागणीप्रमाणे बहर पुढेमागे करू लागले.

आज घराघरांत सर्वाधिक आढळणारे आमर म्हणजे आग्नेय आशियातील फॅलिनॉप्सिस होय. १९८० मध्ये सकानिशी, इमानिशी व इशिदा या जपानी संशोधकांनी दाखविले, की सु. २८° से.च्या वर तापमान राहिल्यास फॅलिनॉप्सिस अमॅबिलिस पाने काढीत राहते, आणि २५° से. वा त्याखाली काही आठवडे ठेवल्यास फुलोऱ्याचा दांडा काढते. यावरून तैवानमधील उत्पादक कुंड्या डोंगराळ, थंड भागांत हलवीत, तर नेदर्लंड्समध्ये काचगृहेच गार करण्यात येऊ लागली. गारवा रात्रीचा हवा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातील ब्लँचर्ड व रंकल यांनी २००६ मध्ये तो खोडून काढला : दिवसाचे तापमान २९° से. असेल तर रात्र कितीही गार ठेवली तरी दांडा येत नाही.

घरातील परिस्थिती : महाराष्ट्रातील आमरप्रेमींच्या अनुभवाचा उलगडा या निष्कर्षाने होतो. मुंबईत कोणत्याही महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३०° से.च्या फारसे खाली जात नाही. त्यामुळे फुललेले विकत आणलेले फॅलिनॉप्सिस तेथे अनेक वर्षे जगते, नवी पाने काढते, पण पुन्हा क्वचितच फुलते. यात पाणी वा खत देणाऱ्याचा दोष नसतो. पुणे व नाशिक येथे डिसेंबर-जानेवारीत घरातील सावलीच्या खोलीचे दिवसाचे तापमान बाहेरच्या कमाल तापमानाहून बरेच कमी राहते व दांडा निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कोकणातील उष्ण व दमट हवेस उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील डेंड्रोबियम बिगिबमपासून झालेले संकरज अधिक मानवतात, कारण त्यांना फुलण्यासाठी थंडीची गरज नसते. मात्र प्रकाश भरपूर लागतो. खोलीच्या आतील भागातील उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी खिडकीजवळच्या उजेडाच्या मानाने तो फारच थोडा असतो. जास्त सावलीत वाढलेल्या रोपाची पाने गर्द हिरवी व लांब होतात, आणि हीच निरोगीपणाची खूण समजून पुष्कळ जण रोप तेथेच ठेवतात.

कळ्या धरल्यानंतरही त्या उमलतीलच असे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील दिवाणखान्यांत दिव्यांसाठी वापरला जाणारा कोळशाचा वायू फुलांना बाधक ठरे. त्यातील एथिलीन या वायूमुळे अनेक वनस्पतींची फुले अकाली कोमेजतात. कॅटलियाच्या फुलांच्या बाह्य दलांची टोके सुकविण्यास याचे अत्यल्प प्रमाणही पुरते, असे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पिकणाऱ्या फळांतून हाच वायू बाहेर पडत असल्याने, केळी वा आंबे ठेवलेल्या टोपलीशेजारी फॅलिनॉप्सिसची कुंडी ठेवल्यास कळ्या पिवळ्या पडून गळतात.